अक्षर लागत नाही

फोन वाजला तेव्हा तिची मोजणी त्रेसष्टवर आली होती. मायक्रोस्कोपखाली काचपट्टीवर जांभळट रंगलेल्या पेशी विखुरल्या होत्या, आणि शंभर भरेपर्यंत मान वर करायची नाही असा तिचा तीस वर्षांचा शिरस्ता होता. रक्त तपासण्याच्या त्या लांबट खोलीत तिचा फोन सहसा वाजतच नसे. वाजलाच तर ती तो ड्रॉवरमध्ये वाजू द्यायची. त्या दुपारी मात्र का कोण जाणे, तिने नळीवरून डोळा काढला, फोन उचलला, आणि त्रेसष्ट की चौसष्ट हे कायमचं हुकलं. “लेखिकाबाई बोलतायत का?” पलीकडे एक बाई होत्या. आवाज घासूनपुसून लख्ख केलेला, शब्दन् शब्द सुटा. लॅबमध्ये तिला लेखिका असं कुणी म्हटलं नव्हतं, कारण ती कथा लिहिते हे तिथे कुणाच्या गावीही नव्हतं. ती उठून खिडकीपाशी गेली. “मी तुमची वाचक,” बाई म्हणाल्या. “कथांच्या साइटवर मी निरोप ठेवला होता, तुम्ही नंबर कळवलात. एका कचेरीत टेलिफोन ऑपरेटर आहे मी. दिसत नाही मला. फोन वाचून दाखवतो आणि मी ऐकते. तुमची सुताराची कथा पहिल्या भागापासून ऐकतेय, पण सहाव्या भागात अडलेय बघा.”

ती काहीतरी बोलली असावी, कारण बाई पुढे सांगू लागल्या. बोलण्यात तक्रार नव्हती. बिघाड कुठे आहे ते कारागिराला नेमकं दाखवावं तसा सूर होता. “आधी किरकोळ सांगते. प्रसंग बदलला की तुम्ही तारे टाकता. अकरा तारे. तुमच्या डोळ्यांना ती नक्षी, पण माझा फोन अकराही म्हणतो. तारांकन, तारांकन, तारांकन. परवा बस आली, मी चढले, बसायला जागा मिळाली, तरी तुमचे तारे चालूच.” ती हसली. बाईही हसल्या. “आता मोठं. सुतार टेबलाचा खण उपसतो, तळाशी आईचं पत्र सापडतं. तो ते वाचतो. यावर माझा फोन म्हणतो, ‘चित्र. आय एम जी, अंडरस्कोर, शून्य चार एक एक.’ आणि लगेच सुतार ओक्साबोक्शी रडायला लागतो. आता शून्य चार एक एक वाचून कुणी रडेल का हो? काय आहे त्या पत्रात?” ती म्हणाली, “ते नुसतं चित्र आहे. एका जुन्या कागदाचा फोटो. वातावरण म्हणून टाकलाय. अक्षर लागत नाही त्यातलं.” विचार करायच्या आधीच वाक्य तोंडातून गेलं होतं. “असं होय,” बाई म्हणाल्या. “म्हणजे दिसणाऱ्यांनाही वाचता येत नाही.” “नाही.” मग त्या सहज, खरोखरच कोडं पडल्यासारखं म्हणाल्या, “मग सुताराला कसं लागलं?”

आत बोलावतायत, असं सांगून तिने फोन ठेवला. आत कुणी बोलावलं नव्हतं. ती परत स्टुलावर बसली, काचपट्टी पुन्हा कडेला आणून एकपासून मोजू लागली, आणि वीस-बावीस झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण मोजत नाही आहोत, नुसतं बघत आहोत. अक्षर लागत नाही. हे वाक्य तिने आज बनवलं नव्हतं. ते तिच्याकडे आयतं, वापरलेलं होतं; याच शब्दांत, याच किंचित चिडक्या, कामात असल्यासारख्या सुरात ते एकदा म्हणून झालं होतं. बारा वर्षांपूर्वी. त्याच्याही कितीतरी आधी, तिच्या नोकरीच्या सुरुवातीला, एक वयस्क डॉक्टरीणबाई इथे लॅबमध्ये होत्या, त्यांनी तिला पहिल्या आठवड्यातच बजावलं होतं, “दिसलं ते लिही. तुला काय वाटलं ते इथे कुणी विचारत नाही.” तिने तीस वर्षं तेच केलं होतं. लोकांच्या रक्तात काय दिसतं ते तिने लिहिलं आणि त्यावर लोकांचं पुढचं आयुष्य ठरलं. कुणाला घरी पाठवलं, कुणाला ठेवून घेतलं. एकाही अहवालात तिने एक अक्षर खोटं घातलं नव्हतं. हा तिचा मोठा अभिमान होता. त्या दुपारी तो अभिमान तिला अंगावर आखडलेल्या कपड्यासारखा काचत राहिला, आणि शंभर भरायला रोजच्या दुप्पट वेळ लागला.

घरी आल्यावर तिने दिवा लावला नाही. तिसरा मजला, जिना अरुंद, लिफ्ट नाही. दोन खोल्या, आणि पुढच्या खोलीत खिडकीशी टेबल, जिथे ती संध्याकाळी लिहायची. फोनच्या सेटिंगमध्ये धुंडाळून धुंडाळून तिने ती वाचून दाखवायची सोय चालू केली आणि पहिली दहा मिनिटं फोन तिच्या हातातच राहीना. बोट जरा कुठे लागलं की तो त्या जागेचं नाव मोठ्याने सांगायचा, जणू प्रत्येक दारावर थाप मारून आत कोण राहतं ते जाहीर करत चालला आहे. शेवटी सहावा भाग सापडला. तिने फोनचा पडदा काळा केला आणि तो टेबलावर उपडा ठेवला. आवाज बाईचा होता पण बाई नव्हती. कुठे श्वास घ्यायचा हे त्याला ठाऊक नव्हतं, पूर्णविराम दिसला की थांबायचं एवढंच ठाऊक होतं. तिची ती नाजूक, वळणावळणाची वाक्यं त्या आवाजाने एकसारखी पावलं टाकत पार केली. जिथे तिने हुंदका दाखवायला अक्षरं तोडून तोडून लिहिली होती तिथे त्याने अर्थ नसलेले तुकडे एकामागून एक उच्चारले. जिथे तिने घाईत, कंटाळून, साधं लिहिलं होतं, ‘त्याने खण ओढला, खण अडकला’, तिथे मात्र अंगावर सर्रकन काटा आला. मग अकरा तारे. ते तिने सगळे ऐकले. मग पत्र आलं: शून्य चार एक एक. आणि क्षणाचाही अवकाश न घेता सुतार रडू लागला. दुपारी तिला हसू आलं होतं. आता त्या काळोखात कारण नसलेलं रडणं ऐकताना तिला भीती वाटली.

दिवा लावून तिने खालचे अभिप्राय पाहिले. सहावा भाग दोन हजारांवर लोकांनी वाचला होता. ‘पत्र पाहून गलबलून आलं.’ ‘ते अक्षर! जुन्या माणसांचं अक्षरच वेगळं.’ ‘फोटो कुठून मिळवलात? फार बोलका आहे.’ शेवटच्याला तिने उत्तरही दिलं होतं, ‘घरातलाच एक जुना कागद.’ दोन हजार माणसांनी तो कागद बघितला होता, आणि त्यावर काय लिहिलंय असं एकानेही विचारलं नव्हतं. तिने त्याचीच तर व्यवस्था केली होती. फोटो तिरका घेतला, उजेड बाजूने येऊ दिला, रंग उतरवला, कडा धुरकट केल्या. अक्षर दिसावं पण वाचता येऊ नये. कथेत पत्राची गरज होती तेव्हा तिने चार वेगवेगळी पत्रं लिहून पाहिली होती, आणि चारही खोटी वाटली होती. मग कपाटातल्या खोक्यातून तो कागद काढताना तिने स्वतःला सांगितलं होतं की हा फक्त नमुना आहे, एक पोत. जे बोलून दाखवता येत नाही ते नुसतं दाखवून मोकळं होता येतं, आणि बघणारे सभ्य असतात, बघून पुढे जातात. जिला दिसत नव्हतं तीच तेवढी थांबली.

बारा वर्षांपूर्वी आई रुग्णालयात होती एकोणीस दिवस. एका सकाळी स्वयंपाकघरात ती ओट्याला धरून खाली बसली ती उठली नाही. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. डोळे मात्र तसेच होते, घरातल्या सगळ्यांना पुरून उरणारे. तिसऱ्या दिवशी तिने डाव्या हाताने हवेत रेघा ओढून दाखवल्या तेव्हा कळलं की तिला कागद हवा आहे. आई आयुष्यभर उजव्या हाताने लिहीत आलेली. डाव्याने लिहिलेलं अक्षर म्हणजे मुंग्या शाईत बुडून चालल्यासारखं. नर्सला ते कळेना. थोरल्या भावाने, दादाने कागद उलटासुलटा करून पाहिला आणि परत दिला. लेकीला मात्र लागलं. पहिलीच चिठ्ठी तिने अर्ध्या मिनिटात वाचली: उशी. मग ते तिचं कामच झालं. पाणी. दिवा बंद. पाय हलव. शेजारची रडते तिला बघ. आई लिहायची आणि ती मोठ्याने वाचून दाखवायची, आणि वॉर्डातल्या बायका म्हणायच्या, लेक आहे म्हणून निभावतंय. ती सकाळी लॅबमध्ये जायची, दुपारी चारला सुटून थेट तिथे, आठला वॉर्ड बंद झाला की घरी. आणि घरी येऊन ती झोपायची. हे तिने कुणालाही कधी सांगितलं नव्हतं. आई घरी असताना सात वर्षं तिची झोप सलग अशी नव्हतीच. आई तीनदा उठायची, हाका मारायची, कधी औषध, कधी भास, कधी नुसतं ‘जागी आहेस का’ म्हणून. आई रुग्णालयात गेली आणि तिची लेक या रिकाम्या घरात पालथी पडून दगडासारखी झोपू लागली. सकाळी उठल्यावर अंग हलकं असायचं. आरशात चेहरा तुकतुकीत दिसायचा. वॉर्डात शिरताना ती तो चेहरा मुद्दाम ओढून घ्यायची.

दादा रोज यायचा, पण दहा मिनिटं. लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा तो. आठ-आठ मजल्यांच्या काळ्या विहिरीत लोखंडी दोराच्या भरवशावर लोंबकळणारा माणूस. घरातला विनोदच होता की हा जगभरच्या लिफ्टा चालवतो आणि याची आई मात्र तिसऱ्या मजल्यावर चढून जाते. तो वॉर्डाच्या दारातच उभा राहायचा, हात खिशात, नजर सलाइनच्या बाटलीवर. “डॉक्टर काय म्हणाले?” एवढं विचारायचा आणि निघायचा. तिला त्याचा संताप यायचा. एकदा तिने त्याला आईच्या देखत धारेवर धरलं, “पाहुण्यासारखा येतोस कशाला? येऊच नकोस ना.” पंधराव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आता इथे आणि घरी फारसा फरक पडणार नाही, घरी नेऊन करणं झेपणार असेल तर न्या, तुम्ही दोघं मिळून ठरवा. त्याच संध्याकाळी आईने कागद मागितला. त्या दिवशी तिचं एका शब्दावर भागलं नाही, बराच वेळ लिहीत राहिली. चार ओळी, प्रत्येक ओळीनंतर दमून डोळे मिटायची. लिहून झाल्यावर कागद लेकीकडे सरकवला. दादा दारात होता. “काय म्हणते?” त्याने विचारलं. तिने कागद वाचला. चारही ओळी, स्वच्छ, एका दमात. आणि कागद दिव्याकडे धरून, कपाळाला आठ्या घालून ती म्हणाली, “अक्षर लागत नाही आज. दमलीय ती.” आई तिच्याकडे बघत होती. आईला ऐकू येत होतं. आईने पुन्हा कागद मागितला नाही. त्यानंतर चार दिवस ती होती, पण तिने एकही चिठ्ठी लिहिली नाही, पाण्याचीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने साइटवर तो फोटो दुरुस्तीसाठी उघडला. फोटोखाली एक रिकामी चौकट होती: चित्राचं वर्णन. ती चौकट पहिल्यापासून तिथे होती; तिने प्रत्येक वेळी ती ओलांडली होती. तिने लिहिलं, ‘जुन्या कागदाचा फोटो.’ खोडलं. ‘पिवळट कागदावर थरथरत्या हाताने लिहिलेल्या चार ओळी.’ यात खोटं काही नव्हतं. ते तसंच ठेवलं, ते अकरा तारेही काढले आणि ऑपरेटरबाईंना कळवलं की दुरुस्ती केली आहे. तासाभरात त्यांचं बोलून पाठवलेलं उत्तर आलं. मागे कुकरची शिट्टी होत होती, कुणीतरी भांडी लावत होतं. “ऐकलं हं मी. तारे काढलेत, देव तुमचं भलं करो. पण चित्राचं सांगू का? आधी मला वाटत होतं तिथे काहीच नाही. आता कळलं की चार ओळी आहेत. आता जास्तच टोचायला लागलं. माझ्या थोरल्या बहिणीसारखं केलंत तुम्ही. ती मला पत्र वाचून दाखवायची आणि मध्येच म्हणायची, इथे विशेष काही नाही. विशेष काही नाही म्हणायची तिथेच सगळं असायचं. तुम्हाला सांगायचं नसेल तर सरळ नाही म्हणा, मी रागावणार नाही. पण नाही हे तरी तुम्ही म्हणा. फोटोच्या तोंडून नको.”

हे तिने दोनदा ऐकलं. मग उठून कपाट उघडलं, खोकं खाली काढलं, आणि तो कागद टेबलावर दिव्याखाली सरळ ठेवला. तिला खरं तर बघायची गरज नव्हती. पण दिसलं ते लिही, हा नियम असेल तर तो बघूनच पाळायला हवा. तिने चौकटीतला मजकूर पुसला आणि पहिली ओळ टाइप केली: ‘मला घरी ने’. पुढे पूर्णविराम द्यायला गेली आणि थांबली, कारण आईने दिला नव्हता. तीन शब्द. ज्या अक्षरांकडे बघत ती बारा वर्षं म्हणू शकत होती की हे एक जुनं, सुंदर, दुखरं काहीतरी आहे, तीच अक्षरं यंत्राच्या एकसारख्या ठशात उतरल्यावर नुसती एक मागणी झाली होती. साधी, पुरवता येण्याजोगी. दुसरी ओळ तिच्याने टाइप होईना. परक्या बाईला हे सांगायच्या आधी दुसऱ्या कुणाला तरी सांगायचं राहिलं आहे, हे तिला तेव्हा इतकं स्वच्छ कळलं की तिने विचार न करता दादाला फोन लावला. वहिनीने उचलला, ख्यालीखुशाली झाली, मग दादा आला. “काय गं बबे, आज कशी आठवण?” तो आता निवृत्त झाला होता, गुडघे गेले होते, आवाज जड झाला होता. ती म्हणाली, “दादा, आईने शेवटी एक कागद लिहिला होता. आठवतो?” तो जरा थांबून म्हणाला, “त्याचं काय?” “मी म्हणाले होते अक्षर लागत नाही.” “हो.” “लागत होतं.” पलीकडून टीव्हीचा आवाज येत होता, तो कुणीतरी बंद केला. “दादा?” ती म्हणाली. फोन ठेवल्याचा आवाजही आला नाही; थोड्या वेळाने तिला कळलं की पलीकडे कुणी नाही.

पुढचे दोन दिवस तिने काम केलं, मोजणी केली, अहवाल लिहिले. तिसरा दिवस सुटीचा होता. सकाळी नऊच्या सुमाराला जिन्यावर पावलं वाजली. एक पायरी, थांबा, एक पायरी, थांबा. तिने दार उघडून ठेवलं. दादा कठडा धरून वर आला, आत येऊन खुर्चीत बसला आणि श्वास जागेवर येईपर्यंत घाम पुसत राहिला. तिने पाणी दिलं, तो प्यायला नाही. “बारा वर्षं, बबे,” तो म्हणाला. “काय लिहिलं होतं ते नंतर सांग. आधी मला हे सांग, तू का नाही सांगितलंस?” ती म्हणाली, “घरी ने म्हणत होती.” “मग?” “तीन मजले, लिफ्ट नाही, माझी नोकरी...” “तू मला सांगायचंस!” त्याचा आवाज एकदम चढला आणि फाटला. “खुर्चीत बसवून चढवली असती मी तिला. चार माणसं आणली असती कामावरची. दीड-दोनशे किलोंची मशीनं चढवलीत आम्ही असल्या जिन्यांवरून, आणि आई काय जड होती? चिमणीएवढी झाली होती ती.” ती उभीच होती. हे तिने कधी मनात येऊ दिलं नव्हतं. जिना हे कारण तिने इतक्या वेळा इतक्या लोकांना सांगितलं होतं की तिलाही ते कारण वाटू लागलं होतं, आणि ज्याचं कामच ते होतं त्याला तिने कधी विचारलंच नव्हतं. ती टेबलाची कड धरून म्हणाली, “जिन्याचं नव्हतं रे. मला झोप लागत होती. ती तिथे होती तेव्हा मला रोज झोप लागत होती. मला ते सोडवेना.” हे ती पहिल्यांदाच मोठ्याने बोलत होती, आणि बोलताना तिला वाटलं, आता हा उठून जाईल.

तो उठला नाही. स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत म्हणाला, “मला वाटायचं माझ्याबद्दलच असणार काहीतरी. तू मला बोलली होतीस ना तिच्यासमोर, पाहुण्यासारखा येतोस म्हणून. मला वाटलं तिनेही तेच लिहिलं असेल. याला सांगा, येऊ नको. आणि तू मला वाचवायला म्हणालीस की लागत नाही. बारा वर्षं मी तुझे उपकार मानतोय, बबे.” तिने त्याच्याकडे पाहिलं. “मी खाली फाटकापाशी अर्धा अर्धा तास उभा असायचो,” तो म्हणाला. “वर यायचा धीर व्हायचा नाही. लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना कधी भ्यायलो नाही, पण त्या वॉर्डाचं दार दिसलं की परत फिरावंसं वाटायचं. तुला काय सांगणार?” मग त्याने हात पुढे केला. तिने कागद दिला. त्याने चष्मा चढवला, खिडकीकडे वळला, कागद जवळ धरला, लांब धरला. उजेडात शाई उतरलेली, मुंग्या ओळीने चाललेल्या. त्याने बोट ठेवून पहिला शब्द लावायचा प्रयत्न केला, दुसरा केला. त्याचे ओठ हलले आणि थांबले. “खरंच लागत नाही गं,” तो म्हणाला, आणि लहान पोरासारखा तिच्याकडे बघत राहिला. “तू वाच.”

तिने कागद घेतला. वॉर्डात वाचायची तसा, मोठ्याने, शब्दन् शब्द सुटा करत तिने तो वाचला. “मला घरी ने. इथे छत फार लांब आहे. तू थकलीस माहीत आहे तरी ने.” इथवर येऊन ती थांबली. तिसऱ्या ओळीने तिला बारा वर्षं क्षमाही केली नव्हती आणि सोडलंही नव्हतं. आई तिची झोप ओळखून होती; तो ओढून घेतलेला चेहराही ओळखून असणार. पण चौथी ओळ तिच्यासाठी नव्हती. चौथी ओळ तिने आपल्या लाजेखाली आपसूक दडपली होती, आणि तेव्हा तिला दादाचा राग होता म्हणून दडपताना जरा बरंही वाटलं होतं. “अजून आहे,” ती म्हणाली. “दादाला बोलू नको तो घाबरतो.” दादाने चष्मा काढला. काच पुसायला लागला, शर्टाच्या टोकाने, फिरवून फिरवून, पुसून झाली तरी पुसत राहिला. “काय म्हणाली?” त्याने विचारलं. ऐकू न आल्यामुळे विचारत नव्हता तो. “दादाला बोलू नको,” तिने पुन्हा वाचलं, “तो घाबरतो.” “पुन्हा वाच.” तिने वाचलं. “तिला कळलं होतं,” दादा म्हणाला. “मी दारात उभा राहून तिला फसवतोय असं मला वाटत होतं, आणि तिला कळलं होतं.” मग तो पहिल्यांदाच ते ग्लासातलं पाणी प्यायला, सगळं, एका दमात.

दुपारपर्यंत तो थांबला. ती ऑपरेटरबाईंबद्दल, कथेबद्दल, त्या चौकटीबद्दल त्याला सांगत राहिली. आपली बहीण कथा लिहिते हे त्याला वहिनीकडून अर्धवट माहीत होतं. वाचायचा त्याला लहानपणापासून कंटाळा. “म्हणजे आईचं पत्र तू दोन हजार लोकांना दाखवलंस आणि मला नाही,” तो म्हणाला, पण त्यात आता धार नव्हती, नुसती नोंद होती. “काढून टाकते,” ती म्हणाली. त्याने थोडा विचार केला. “फोटो काढ. तो घरातला कागद आहे. पण त्या बाईने विचारलंय ना, काय लिहिलंय म्हणून? तिला सांग. पहिल्या तीन ओळी तुझ्या आहेत, तुला काय करायचं ते कर. चौथी माझी आहे. ती कुणाला नको.” त्याने कागद घडी करून खिशात घातला, मग काही आठवल्यासारखा पुन्हा काढून घडी नीट केली. तिने त्याच्यासमोर बसून फोटो पुसला. आता ना चित्र राहिलं, ना चित्राचं वर्णन. सुतार खण उपसतो त्याच्या खाली, कथेच्याच अक्षरांत, तिने तीन ओळी टाइप केल्या. डोळ्यांनी वाचणाऱ्याला जेवढं मिळेल तेवढंच कानांनी ऐकणाऱ्याला. पूर्णविराम मात्र तिने तिन्ही ओळींना दिले, कारण ते नसले तर तो आवाज तीन ओळी एकात ओढून नेतो, हे आता तिला माहीत होतं. रडण्याचं वाक्य तिने तिथून काढलं. ‘सुतार बराच वेळ बसून राहिला’ एवढंच ठेवलं.

“ऐकू दे,” दादा म्हणाला. तिने फोन काळा करून टेबलावर दोघांच्या मध्ये ठेवला. तो आवाज खणापाशी आला, खण अडकला, खण निघाला. मग त्याच सुरात, न थरथरता, कुणाचीही बाजू न घेता तो म्हणाला, मला घरी ने. आणि थांबला. इथे छत फार लांब आहे. थांबला. तू थकलीस माहीत आहे तरी ने. तिने डोळे मिटले होते. आईची वाचा गेल्यानंतर आईचं वाक्य या घरात पहिल्यांदाच तिच्या लेकीच्या तोंडून नव्हे तर दुसऱ्या कुणाच्या तोंडून येत होतं, आणि त्यात काही गाळायची, काही सावरायची सोय नव्हती. पुढचं वाक्य सुरू व्हायच्या आधी पूर्णविरामाएवढी जागा होती, अगदीच जेमतेम. तेवढ्यात खुर्चीतून, अगदी हळू, खिशावर हात ठेवून दादाने चौथी ओळ म्हटली.